तळ्याकाठी तंबू ठोकायचाय: साळावली, अंजुणे की मये?

सुरंगी

नमस्कार मंडळी. आम्ही मडगावचे. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ चा. दिवाळीत पुण्याहून दीर-जाऊ आले होते, त्यांच्या मुलांनी पवना धरणाच्या काठावर तंबूत राहिल्याचे फोटो दाखवले आणि तेव्हापासून आमच्या घरात एकच धोशा चाललाय, आपण कधी जायचं, आपण कधी जायचं. मला समुद्र नकोय, समुद्र रोजचाच. गोड्या पाण्याचा काठ, झाडं, रात्री चांदण्या दिसतील असा काळोख आणि मुलांनी चार तास मोबाइल विसरावा एवढीच अपेक्षा. मनात साळावली धरण आहे कारण घरापासून जवळ, पण अंजुणे धरण आणि मये तळ्याचंही नाव ऐकते. कुणी प्रत्यक्ष तंबू लावून राहिलंय का? सोय काय, धोका काय, आणि मुख्य म्हणजे असं राहायला देतात का? तंबू विकत घेऊन बसलेय, चौघांचा आहे.

पोदेराची_सायकल

मये. डोळे मिटून मये. बोटिंग आहे, राहायला खोल्या आहेत, चहा मिळतो. मोठ्या माणसांना हौस असेल तर २०१९ पासून तिथे ५५ मीटरवरून बंजी उडीपण मारता येते.

डिचोलीकर

मयेचा आहे म्हणून सांगतो, तळं सुंदर आहे यात वादच नाही. सकाळी सातच्या आधी या, पाण्यावर धुकं असतं, डोंगर तिन्ही बाजूंनी जवळ आलेले दिसतात आणि खंड्या तारेवर बसलेला असतो. पण ताई, तुम्हाला जो काळोख हवाय तो इथे नाही. तिथे दिवे आहेत, शनिवार-रविवारी गर्दी आहे. लहान मुलांना घेऊन एक दिवस पेडल बोट चालवायची, दुपारी झाडाखाली डबा खायचा आणि संध्याकाळी घरी, यासाठी मये एक नंबर. तंबूसाठी नाही.

गवा_रेडो

सुरंगीताई, शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलात, खरं तर तो पहिला हवा. धरणाची भिंत, बाग, जलाशयाचा काठ ही सगळी सरकारी जागा, जलस्रोत खात्याची. साळावलीच्या पलीकडचं रान म्हणजे नेत्रावळी अभयारण्य, १९९९ साली जाहीर झालेलं. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढणं हा गुन्हा आहे, मग तुम्ही कितीही सज्जन असा. आणि पर्यटनाच्या जागी उघड्यावर स्वयंपाक करणं किंवा दारू पिणं यालाही २०१९ पासून दंड आहे, सुरुवातीला तो एकट्याला २,००० आणि घोळक्याला १०,००० रुपये होता. मी रानात खूप फिरतो, माझा अनुभव असा की आधी जाऊन विचारलं तर माणसं मदतच करतात. न विचारता गेलात तर रात्री अकराला बॅटरी घेऊन कुणीतरी येतं, मुलं झोपेतून उठतात आणि तंबू गुंडाळायला लागतो.

पुण्यातला_गोंयकार

काय हे, चांदण्या बघायलाही परवानगी! आम्ही कॉलेजात असताना केरीहून अंजुण्याच्या काठावर जायचो, चादर टाकायची, तीन दगड मांडायचे, विस्तव पेटवायचा, गावातल्या माणसानं दिलेला मासा मीठ-हळद लावून भाजायचा, कुणी अडवलं नाही की कुणाचं नुकसान झालं नाही. मुलांना निसर्ग दाखवायचा म्हणता आणि पहिल्याच पायरीला कायद्याचं पुस्तक हातात देता. ताई, जा तुम्ही, आयुष्यभर लक्षात राहील. विस्तवाशिवाय रात्र म्हणजे मिठाशिवाय पेज.

चोर्ला_घाट

@पुण्यातला_गोंयकार, बाब, मी त्याच भागात राहतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या त्या आठवा. कित्येक दिवस रात्री डोंगरावर लाल रेघ दिसायची, झोपायला जीव होत नव्हता. हेलिकॉप्टरनं पाणी टाकायला लागलं होतं. त्या कशानं लागल्या यावर मी काही बोलत नाही, पण फेब्रुवारीनंतर आमच्याकडचं रान कसं असतं ते सांगतो. करड वाळून कागद झालेलं असतं, ऐनाच्या आणि किंदळाच्या पानांचा घोटाभर थर पडलेला असतो, वारा दुपारनंतर घाटातून खाली येतो. तुमच्या तीन दगडांतली एक ठिणगी पुरते. तुमचं नुकसान झालं नाही हे तुमचं नशीब, त्यावरून दुसऱ्याला सल्ला देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अंजुणेचं म्हणाल तर धरणावरून दिसणारा देखावा मला साळावलीपेक्षा आवडतो, मागे वाघेरीचा डोंगर, पाणी निळं. पण उन्हाळ्यात मुलांना घेऊन आमच्या सत्तरी तालुक्यातल्या रानात मुक्काम करू नका. गोचिडी असतात.

दोतोर_बाय

चोर्ला_घाट यांनी शेवटी एका ओळीत सांगितलं ते जरा नीट सांगते कारण हे महत्त्वाचं आहे. माकडताप. सत्तरीत २०१५ पासून याचे रुग्ण सापडत आलेत, बहुतेक काजूच्या बागायतीत काम करणारी माणसं. गोचिडीचं पिल्लू चावतं, ते एवढं बारीक असतं की तीळ वाटावा, चावल्याचं कळतही नाही. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका फिरायला जायचा काळ. एकदम जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं. माणसापासून माणसाला होत नाही, तेवढी भीती बाळगू नका.

काय करायचं: लांब बाह्या, पायजमा मोज्यात खोचायचा, पाचोळ्यावर किंवा गवतावर थेट बसायचं नाही, उघड्या अंगाला गोचिडीला दूर ठेवणारं तेल लावायचं. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि सगळ्यांनी अंघोळ, मुलांच्या काखा, कानामागे, गुडघ्याच्या मागे बघायचं. रानात मेलेलं माकड दिसलं तर त्या जागेत थांबायचंच नाही, खात्याला कळवायचं. आणि घरी आल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात ताप आलाच तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की आम्ही रानात गेलो होतो. लोक हेच सांगत नाहीत, मग आम्ही डेंग्यू-मलेरिया शोधत बसतो.

खाजन

गोचिडी झाल्या, आता मगरीचं पण बोलून टाकूया 😊

गोव्यात मगर म्हटलं की सगळ्यांना कुंभारजुव्याचा कालवा आठवतो. पण ही जात मूळची गोड्या पाण्यातली, त्यामुळे धरणात, तळ्यात ती नसेलच असं धरून चालू नये. पहाटे आणि तिन्हीसांजेला काठावर मुलांना पाय सोडून बसवू नका, भांडी धुवायला काठावर वाकू नका, बस. भिण्यासारखं एवढंच. आमच्याकडे दुर्भाट-बोरीच्या बाजूला पौष अमावस्येला खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतीच्या, बांधावर चिखलाची मगर करून पुजतात, मांगेथापणी म्हणतात तिला. शंख-शिंपल्यांचे खवले लावतात. बांध राखणारी म्हणून तिचा मान. लहानपणी आजा सांगायचा, ती तिच्या घरात आहे, तुम्ही पाहुणे, पाहुण्यासारखे वागा.

सुरंगी

बाप रे. मी चांदण्या मागितल्या आणि मला आग, गोचीड आणि मगर मिळाली. सासूबाई शेजारी बसून सगळं वाचतायत आणि त्यांनी तंबूचा खोका माळ्यावर नेऊन ठेवायला सांगितलंय. पण खरंच धन्यवाद, दोतोर_बाय यांचं लिहिणं मी उतरवून घेतलं. साळावलीबद्दल अजून कुणी सांगाल का? तिथे सत्तरीएवढी काळजी आहे का?

अडई

साळावलीचं जाणकार सांगतीलच. मी फक्त वाटेवरची एक जागा घालते. मडगावहून सांग्याला जाताना कुडचडेला नंदा तळं आहे. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, गोव्यातलं पहिलंच. तिथले लोक पावसाळा संपला की पाणी साठवतात आणि ते खालच्या भातशेतीला सोडतात, म्हणजे शेतीच्या वेळापत्रकावर चालणारं तळं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी जा, माझ्या नावाची बदकं शेकड्यांनी असतात, शिट्टीसारखा आवाज करतात. जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी पानांवरून चालताना दिसतो. नऊ वर्षांच्या मुलाला दुर्बीण द्या आणि बघा किती वेळ गप्प बसतो.

पोदेराची_सायकल

आणि कुडचड्याला उतरलात की पातळ भाजी आणि गरम पाव खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर एक मिरची भजी. बदकं कुठे पळून जात नाहीत.

व्हांवती

मी इथे फारशी लिहीत नाही पण साळावलीचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. थोडं लांबेल.

तुम्ही सगळे ज्याला तळं म्हणताय त्याच्या तळाशी आमचं घर आहे. आम्ही कुर्डीचे. दयानंद बांदोडकर स्वतः गावात आले होते आणि धरण होणार, सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळणार असं त्यांनी सांगितलं, हे बाबांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकलंय. बाबा सांगताना नेहमी हे पण सांगायचे की कुणी आरडाओरडा केला नाही. तीन हजारांच्या आसपास माणसं, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, वाडें आणि वालकिणीला जाऊन वसली. १९८६ मध्ये पाणी चढलं. मी तेव्हा लहान होते, मला आठवतं ते फक्त एवढंच की आईनं चुलीचे तीन दगड पण बैलगाडीत घातले होते आणि आजी म्हणत होती, अगो दगड तिथेही मिळतील. आई म्हणाली, हे नाही मिळणार. नव्या वस्तीत नळाला धड पाणी यायला पुढे किती वर्षं गेली ते मी लिहीत बसत नाही. धरणासाठी उठलेल्या माणसांनी विहिरीवर रांग लावायची, एवढं सांगितलं तरी पुरे.

कुर्डीचं महादेवाचं देऊळ, कदंबांच्या काळचं, एकेक दगड सोडवून सुमारे १७ किलोमीटरवर धरणाजवळ नेऊन परत उभं केलंय. तुम्ही धरण बघायला जाल तेव्हा मुलांना तिथे नक्की न्या. लहानसं आहे, काळं, शांत. आणि गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, १९०४ चा जन्म. त्यांच्या घराची जोती मे महिन्यात पाण्याबाहेर येतात.

हो, मे महिन्यात गाव बाहेर येतं. पाणी उतरतं आणि दिसायला लागतं, चिऱ्याच्या भिंती कमरेएवढ्या, माडांचे बुंधे, तुळशीवृंदावनं, पाट. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, चॅपेलात फेस्त होतं, कुठून कुठून माणसं येतात. आम्ही आमच्या जोत्यावर चादर टाकतो, जेवतो. आई अजून स्वयंपाकघर कुठे, न्हाणी कुठे ते बोटानं दाखवते. मग जूनमध्ये पाऊस येतो आणि परत सगळं खाली.

गेल्या काही वर्षांत तिथे गाड्या घेऊन लोक येतात. गाणी लावतात, बाटल्या फोडतात. मागच्या खेपेला आमच्या वृंदावनावर कुणीतरी कोंबडी शिजवण्याची शेगडी ठेवली होती. आई काही बोलली नाही, पदरानं काजळी पुसत बसली. सुरंगी, तुमच्या मुलांनी जरूर यावं, मला खरंच वाटतं यावं. पण तंबू आमच्या अंगणात नको.

डिचोलीकर

यावर काय लिहावं कळत नाही. आईंना नमस्कार सांगा.

पुण्यातला_गोंयकार

व्हांवती, दोनदा वाचलं. मी वर विस्तवाचं जे लिहिलं ते मागे घेतो. माझी आज्जी सांग्याची, तिच्याकडून कुर्डीचं नाव ऐकलं होतं पण मला ते कुठल्या तरी जुन्या गोष्टीतलं गाव वाटायचं. परवानगीबद्दल माझं मत अजून तेच आहे की सामान्य माणसाला ती सोपेपणानं मिळाली पाहिजे, पण चुलीबद्दल बोलणार नाही.

खडप

पाणी आणि मातीच्या कामात माझं आयुष्य गेलं, आता निवृत्त. थोडं कामाचं सांगतो, कारण व्हांवतीबाईंनी जे सांगितलं त्याला जोडूनच आहे.

जलाशयाचा काठ नदीसारखा नसतो. पावसाळ्यात पातळी चढते, ४१.१५ मीटर झाली की बदकाच्या चोचीसारख्या त्या सांडव्यावरून तिन्ही बाजूंनी पाणी आत कोसळायला लागतं, बहुतेक जुलैत, ते बघायला गर्दी होते. पावसाळा संपला की हळूहळू उतरत मेपर्यंत तळाला जातं. म्हणजे जानेवारीनंतर तुम्हाला पाण्याच्या कडेला जी मोकळी, सपाट, गवत नसलेली जागा दिसते, जिथे तंबू ठोकायचा मोह होतो, तो काठ नव्हे, तो तळ आहे. वरून भेगा पडलेला कडक पापुद्रा, खाली गुडघाभर गाळ. माणूस चालतो चालतो आणि एकदम मांडीपर्यंत जातो. गुरं अडकतात. पाण्यात पण तसंच, चार पावलं घोट्याएवढं आणि पाचव्या पावलाला जुना पाट नाहीतर विहीर, पायाखाली काहीच नाही. पोहता येणारी माणसंसुद्धा अशा जागी गेलीत. मुलांना पाण्यात उतरवायचंच नाही, लाइफ जॅकेट असलं तरी नाही. तंबू नेहमी झाडांच्या रेषेच्या वर, जिथे मोठी झाडं जिवंत आहेत तिथे पाणी चढत नाही हे समजायचं.

दुसरं, हे पिण्याचं पाणी आहे. मडगावात तुमच्या नळाला जे येतं ते इथलंच, सुरंगीताई. काठावर साबण नाही, भांडी नाही, आणि शौचाला पाण्यापासून निदान शंभर पावलं लांब, खड्डा खणून. रात्री जो कोणी काठावर काहीही करून येतो तो स्वतःच्या हंड्यात करतो. मी हे कामावर असताना माणसांना सांगत आलो, अजून सांगतो.

गवा_रेडो

खडप काका, हे कुठेतरी फलकावर लिहून लावायला हवं, शब्द न बदलता.

पोदेराची_सायकल

काका, तळ आणि काठ हा फरक मला आज कळला. दर वर्षी आम्ही नेमके त्या सपाट जागेवर क्रिकेट खेळतो.

चोर्ला_घाट

ताई, माझं ऐका, पहिली रात्र कुणाच्या तरी कुळागरात काढा. माडा-पोफळीखाली तंबू, जवळ विहीर, हाकेच्या अंतरावर घर. सांगे, नेत्रावळीकडे अशी राहायची सोय करणारी घरं आहेत, रात्री उकड्या तांदळाची पेज आणि तोराचं लोणचं मिळतं. नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी तिथून जवळ, गोपीनाथाच्या देवळापाशी, पाण्यातून सतत बुडबुडे येत असतात, मुलं तासभर हलत नाहीत.

सुरंगी

कुळागर! हे डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंनी पण मान हलवली, खोका माळ्यावरून खाली आलाय. व्हांवती, तुम्हाला वैयक्तिक निरोप पाठवलाय, जमेल तेव्हा बघा.

सुरंगी

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतेय, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

जानेवारीत नंदा तळं केलं. दुर्बिणीसाठी दोघांची भांडणं झाली म्हणून दुसरी घ्यावी लागली. मुलीनं वहीत १९ पक्षी लिहिलेत, त्यातले तीन तिनं स्वतः नाव ठेवलेले आहेत.

आणि मे महिन्यात व्हांवतींच्या मावशीकडे गेलो, वाडें गावाला. मागच्या कुळागरात तंबू लावला. काळोख म्हणजे काय ते मुलांनी पहिल्यांदा बघितलं, मुलगा म्हणाला आई डोळे उघडे की बंद तेच कळत नाही. काजवे होते! रात्री तीनला वळीव आला, असा आला की तंबू एका बाजूनं बसला, मावशी कंदील घेऊन धावत आल्या आणि आम्ही सगळे ओलेचिंब पडवीत. तिथे चहा करून दिला त्यांनी. मुलांचं ठाम मत आहे की सगळ्यात भारी भाग हाच.

सकाळी कुर्डीला गेलो. चपला काढून ठेवल्या होत्या मुलीनं, कुणी सांगितलं नव्हतं. व्हांवतींची आई आमच्याबरोबर होत्या. त्यांनी माझ्या मुलाला हाताला धरून नेलं आणि दाखवलं, ही पडवी, हे देवघर, इथे आंब्याचं झाड, इथे गाय बांधायची. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, इथून वाकून आत यायचं, दार ठेंगणं होतं. आणि मुलगा वाकला. दार नाही, भिंत नाही, काही नाही, तो वाकून आत गेला. आजी पण त्याच्या मागून वाकून आत गेल्या.

जेवण आम्ही घरूनच करून नेलं होतं, विस्तव नाही. कचऱ्याची एक पिशवी आमची आणि दोन पिशव्या दुसऱ्यांच्या बाटल्यांच्या घेऊन आलो. अंगाला तेल, मोज्यात पायजमे, परत येऊन कानामागे तपासणी, सगळं दोतोर_बाय यांनी सांगितल्याप्रमाणे. ताप वगैरे काही नाही, सगळे ठणठणीत.

दोतोर_बाय

बरं वाटलं वाचून. कानामागे बघितलंत हे वाचून जास्तच बरं वाटलं.

पुण्यातला_गोंयकार

पुढच्या मे महिन्यात मी पण येतोय. व्हांवती, चालेल ना? आज्जीचा एक जुना फोटो आहे, मागे कुठलं तरी देऊळ आहे, तुमच्या आईंना दाखवायचाय.

व्हांवती

या की. आईला चष्मा नवीन करून घेतलाय, फोटो नक्की आणा.

सुरंगी, मावशीचा निरोप आहे, तुमच्या तंबूचा एक खुंटा माडाच्या अळ्यात सापडला. धुऊन पडवीत लटकवून ठेवलाय.